चक्कीचा आवाज ऐकू येईल तिथवर

इव्हर लोहाराला सगळं सँडलुंड गाव खडूस म्हणायचं, आणि ते काही खोटं नव्हतं. पण गावची पवनचक्की उभी राहिली ती याच खडूस माणसामुळे. तेलाची टंचाई आली, रविवारी गाड्या काढायला सरकारने बंदी घातली, तेव्हा बाकीचे घरात बसून सरकारच्या नावाने बोटं मोडत होते. हा पठ्ठ्या भट्टीशेजारी पाती तासत होता. "कोळसा जाळायचा, धूर पोरांच्या छातीत भरायचा, आणि वारा फुकट वाहतोय तो कुणासाठी? डोकी ठिकाणावर आहेत ना तुमची?" असं दारोदार ओरडत फिरायचा. अखेर चोवीस घरांनी मिळून वीज बनवणारी चक्की उभारली.

या चोवीस घरांच्या मंडळाचा नियमही त्यानेच लिहिला. चक्कीचा आवाज जिथवर ऐकू येतो तिथवर राहणाऱ्यालाच वाटा, एका घराला एक मत. गाव सोडलं की मत संपलं, वाटाही गावातच विकायचा. शहरातल्या पैसेवाल्यांची लुडबुड नको, एवढाच त्याचा हेतू. पण नवरा वारल्यावर वाटेकरी आग्नेटा लेकीकडे शहरात निघाली आणि "एवढा वाटा राहू दे रे, त्यांची आठवण आहे" म्हणून रडली, तेव्हा इव्हर म्हणाला, "आठवण घरी ठेव. नियम म्हणजे नियम." ती पुन्हा गावात आली नाही.

गेल्या हिवाळ्यात इव्हर बर्फावर घसरला, खुब्याचं हाड मोडलं. लेकीने त्याला अकरा किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. सँडलुंडमधलं घर कुलूपबंद, गिऱ्हाईक मिळेना.

आणि वसंतात बातमी आली. एका बड्या कंपनीला गावाबाहेर तीन राक्षसी चक्क्या उभारायच्या होत्या, पण त्याआधी जुनी पाडायला हवी. मंडळाची सभा ठरली. इव्हर कुबड्या घेऊन, टॅक्सी करून आला आणि पहिल्या रांगेत बसला. कुणीतरी त्याच्यापुढे कॉफी आणि केक आणून ठेवला. पाहुण्यासारखा!

कंपनीचा माणूस उठला. "कोळसा जाळून पोरांच्या छातीत धूर भरायचा, आणि वारा फुकट वाहतोय," तो म्हणाला. इव्हरच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याचेच शब्द, आणि त्याच्याच चक्कीचा गळा कापायला! खोटं तरी काय म्हणणार? या तीन चक्क्या त्याच्या एकट्या चक्कीपेक्षा हजारपट वीज देणार होत्या. भांडायला तोंडच उरलं नव्हतं.

मतदान झालं. पाडायच्या बाजूने बारा हात. विरोधात अकरा, आणि इव्हरचा बारावा. बरोबरी झाली की आहे तसंच राहतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अध्यक्ष प्रेबेन, इव्हरच्या जुन्या मदतनिसाचा मुलगा, मोजता मोजता थांबला. "इव्हरकाका, हात खाली घ्या ना."

"का रे? झोपलायस का? नीट मोज."

"तुम्ही आता इथं राहत नाही, काका. नियम तुमचाच आहे."

"मी बांधलीय ती, गाढवा!"

"आग्नेटाकाकूंना काय सांगितलं होतं तुम्ही?"

इव्हरचा हात अजून वरच होता. मग त्याने तो हळूच खाली घेतला. बारा विरुद्ध अकरा. चक्की पाडायची ठरली.

लोक जेवणाची भांडी मांडायला लागले. प्रेबेन खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसला, मान खाली. "काका, रागावू नका. एक विचारायचं होतं. पाती उतरवायच्या आधी तिचा ब्रेक लावायला लागतो. तो तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही."

"ब्रेक लावायला गावात राहावं लागत नाही वाटतं?"

प्रेबेनने केकची बशी त्याच्याकडे सरकवली.

इव्हरने ती बाजूला सारली आणि कुबड्या ओढून घेतल्या. "सकाळी सहाला न्यायला ये," तो म्हणाला. "नंतर वारा सुटतो. हात तुटतील तुमचे, मूर्खांनो."