शेवटच्या पानावरचा रत्नदीप

छत्तीस वर्षांचा बाप्या, पोटासाठी टॉवेलचे दोन माग चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर नवा गेम आलाय का ते बघत बसतो, असं सांगितल्यावर तुम्हाला हसू आलं का? खरं बोला. आलं असलं तर लाजू नका, मलाही आलं होतं.

तीन वर्षांपूर्वी रत्नदीप आमच्या युनियनच्या खोलीत आला तो वहीचं एक फाडलेलं पान घेऊन. आम्ही ‘मागवाला’ नावाचं चार पानी पत्रक काढतो, महिन्याला एक. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चहाच्या टपऱ्यांवर ते ठेवलं जातं. पीएफ, अपघात, कुणाला कामावरून काढलं, असला मजकूर. मी पान वाचलं. मोटारींच्या शर्यतीचा कुठलासा गेम, त्याच्याबद्दल दीड पान लिहिलेलं.

“हे काय आहे?”

“पयला तास. नवा गेम आला, एक तास खेळलो आन् जसं वाटलं तसं लिवलं. छापा की ताई.”

“एकच तास का?”

“फोनमदी जागा कुटंय? एक काढल्याबिगर दुसरा बसत न्हाई. तास खेळायचा, लिवायचं, पुसून टाकायचा.”

“रत्नदीप, इथं माणसांची बोटं मागात जातायत आणि मी गेम छापू?”

“बोटं गेल्याली मानसं बी खेळत्यात की,” तो शांतपणे म्हणाला. “आन् तुमचं तिसरं पान कोन वाचत न्हाई, ताई. त्यावर भजी खात्यात.”

मी त्याला खोलीबाहेर घालवला. महिनाभर बोलले नाही. मग एका अंकात शेवटच्या पानावरची एक जाहिरात आली नाही, जागा रिकामी पडली, आणि मी रागारागातच ते शर्यतीचं छापून टाकलं. पुढच्या महिन्यात टपरीवाला म्हणाला, पत्रकं दुप्पट पाठवा. तिसरं पान तेव्हाही कुणी वाचत नव्हतं.

तर असा ‘पहिला तास’ सुरू झाला. रत्नदीपची पद्धत पक्की होती. सकाळी कामावर जायच्या आधी परदेशातल्या गेमच्या बातम्या फोनकडून मराठीत करून घ्यायच्या आणि त्यातल्या कामाच्या तेवढ्या वहीत उतरवायच्या. सुट्टीच्या दिवशी दुपारी गेम उतरवायचा. फोन जुना, लगेच तापायचा, म्हणून कारखान्यातला एक डागी टॉवेल भिजवून त्यावर ठेवायचा आणि मग खेळायचा. लिहिताना चार गोष्टींना गुण: चित्र, आवाज, फोन किती तापला आणि आपल्यासारख्याला कळतो का. शेवटी एक शब्द. ‘घ्या’ किंवा ‘नका’.

त्या एका शब्दाची किंमत मला फार उशिरा कळली. व्हॉट्सअॅपवर गेम खेळणाऱ्यांचा दोनशे जणांचा ग्रुप होता. मागवाले, पॅकिंगमधले, कॉलेजची पोरं-पोरी, होटगीचे दोन रेल्वेवाले. नवा गेम आला की पहिला प्रश्न ठरलेला: रत्नदीपकाका काय म्हणतायत? कारखान्यात त्याला कुणी नावानं हाक मारत नाही. सहा आणि सात नंबरच्या मागावरचा तो, एवढंच. ग्रुपवर मात्र त्यानं ‘नका’ म्हटल्यावर दोनशे माणसं थांबायची. त्याच्याकडं त्याचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. शब्द गेला की तो परत सहा-सात नंबरचा.

या फेब्रुवारीत ‘पहारा’ नावाचा गेम आला. चार हौशी पोरांनी मिळून केलेला, म्हणून रत्नदीपला त्याचं अगदी कौतुक. आधीच्या दोन अंकांत त्यानं त्याच्या बातम्या दिल्या होत्या. अंधारं जंगल, त्यात एक जुना किल्ला, आपण लपून पुढं सरकायचं, मागून पहारेकरी येतो. एवढाच गेम.

तो खेळला आणि लिहून घेऊन आला तेव्हा चेहरा उतरलेला. पानावर लिहिलं होतं: चित्र पाचपैकी पाच. आवाज शून्य. पहारेकरी मागून येतो तर त्याच्या पावलांचा आवाजच ठेवलेला नाही. मी अकरा वेळा मेलो. मागं वळून बघायची सोय नाही आणि ऐकायचीही नाही. ही खेळणाऱ्याची फसवणूक आहे. नका.

फसवणूक हा शब्द दिसला की माझं डोकं लगेच फिरतं. मी गेम बघितला नाही, खेळून बघायचा तर प्रश्नच नाही. वर ठळक मथळा दिला: ‘मुका पहारेकरी, कामगार खेळाडूंची लूट!’ रत्नदीप म्हणाला, “लूट नका म्हणू ताई, फुकट हाय गेम.” मी ऐकलं नाही. छापलं.

दोन दिवसांत ग्रुप पेटला. पोरांनी लिहिलं, काका, पावलं आहेत की. वाळक्या पानांवर वाजतात, लांबूनच ऐकू येतात, त्याच्यावरच तर सगळा गेम आहे. एकानं लिहिलं, काका, कान धुऊन या. सिदू म्हणून एक आहे, होटगीचा, रत्नदीपच्याच कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालतो. घडीचं खातं मागांपासून लांब, भिंतीपलीकडं. तो चेष्टेखोर, बोलण्यात कानडी मिसळणारा. त्यानं गेममधला तेवढाच आवाज रेकॉर्ड केला आणि ग्रुपवर टाकला. “एनप्पा रत्न्या, हे ऐक, आन् मग लिव.”

रत्नदीपनं ते ऐकलं आणि उलट लिहिलं: रिकामं रेकॉर्डिंग टाकून चेष्टा करतो होय रे. तीन वर्षं मी तुमच्यासाठी डोळे फोडून लिहितोय, त्याची ही किंमत?

त्यावर नुसत्या हसणाऱ्या तोंडांची रांग लागली.

संध्याकाळी तो खोलीवर आला, सिदूला दंडाला धरून. “ताई, ह्यो मला खोटं पाडतोय. तुमीच सांगा ह्यात काय हाय ते.” त्यानं फोन टेबलावर ठेवला, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि बटण दाबलं.

सळसळ. थांबून पुन्हा सळसळ, सुकलेली पानं पायाखाली चुरडावीत तशी. मग जवळ. अगदी जवळ. मला मागं वळून बघावंसं वाटलं.

मी काही बोललेच नव्हते. पण मागवाल्यांपुढं बोलावं लागत नाही. कारखान्याच्या खडखडाटात ती माणसं तोंडाकडं बघून बोलतात. अंगठा ओठाला लावला की चहा, दोन बोटं मिशीवर फिरवली की मुकादम आला. रत्नदीप फोनकडं बघत नव्हता, माझ्या तोंडाकडं बघत होता. त्यानं हळूच फोन उचलला, कानाला लावला, परत बटण दाबलं. मग दुसऱ्या कानाला.

“हाय?” त्यानं विचारलं.

“आहे.”

सिदूनं दंड सोडवून घेतला नाही. तो म्हणाला, “म्या चेष्टा केली रे अण्णा. मला काय म्हाईत.”

रत्नदीपला घरी पोचवायला मी गेले. बायको मनाली भाजी निवडत होती. सगळं ऐकून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि आधी नवऱ्यावरच चिडली. “कुकरच्या शिट्ट्या मोज म्हटलं की भात करपतो. दोन वर्षं मी भांडतेय, की ह्यो माणूस मुद्दाम ऐकत न्हाई म्हणून! सांगायचं नव्हतं व्हय?”

“मला कळलं तर सांगू,” रत्नदीप म्हणाला.

घरी येऊन मी ‘मागवाला’चे जुने अंक काढले. पहिल्या वर्षी त्याच्या रकान्यात एका गेमबद्दल होतं: पावसाचा बारीक आवाज फार छान, आवाजाला पाच. दुसऱ्या वर्षी: कंपनीनं आवाज मंद ठेवलाय, वाढवावा. मग: पाखरं दिसतात पण गप्प. मग आवाजाला दोन, दोन, एक. मध्येच एका अंकात त्यानं लिहिलं होतं, फोन म्हणतो जास्त आवाजानं कान जातील. दहा तास माग वाजतो तेव्हा हा फोन कुठं असतो? ते वाक्य मला एवढं आवडलं होतं की मी ते चौकटीत टाकलं होतं. कारखान्यात कान जातात, याचा पुरावा मिळत नाही म्हणून मी सभांमध्ये ओरडत होते. आणि शेवटच्या पानावर, माझ्या हातानं मुद्रितं तपासून, मी तोच पुरावा महिन्याच्या महिन्याला छापत होते. 

डॉक्टरांनी मशीन लावून तपासलं. ढोल ऐकू येईल, समोरचा मोठ्यानं बोललेला ऐकू येईल, पण बारीक, उंच आवाज गेले ते गेले. परत येणार नाहीत. आहेत ते सांभाळा. रत्नदीप मान हलवत होता. किती ऐकू आलं, कोण जाणे.

मी बाहेर येईपर्यंत सगळं ठरवून टाकलं होतं. पहिलं पान. त्याचा फोटो, डॉक्टरांचा कागद, तीन वर्षांचे गुण ओळीनं. मी रिक्षात बोलतच सुटले. तो म्हणाला, “माज्याकडं तोंड करून बोला ताई.” मी तोंड वळवून परत सगळं सांगितलं.

“न्हाई,” तो म्हणाला.

“नाही म्हणजे?”

“पयल्या पानावर न्हाई. माझा फोटो बी न्हाई.”

“अरे, तुझ्यासारखी शेकडो माणसं आहेत! तुझ्या एकट्याच्या लाजेपायी—”

“लाज न्हाई ताई. पयल्या पानावर म्या बिचारा व्हनार. कागुद लावल्याला बिचारा. शेवटच्या पानावर मला लोक इचारत्यात.”

मी चिडले. भित्रा म्हणाले, अजूनही काय काय म्हणाले. रिक्षावाला आरशातून बघत राहिला. रत्नदीपनं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं, आणि सात रस्ता चौकात उतरून चालत गेला.

चार दिवसांनी आला. वहीचं फाडलेलं पान. “छापायचं तर हे छापा. मथळा तुमी देऊ नका.”

त्यात होतं: मागच्या अंकात मी ‘पहारा’ या गेमला आवाजाचे शून्य गुण दिले. ती चूक माझी. आवाज आहे, मला येत नाही. सोळा वर्षं मागावर आहे, त्यात गेला, असं डॉक्टर म्हणाले. गेम करणाऱ्या चौघांची माफी. दोन वर्षांत मी आवाजाचे जेवढे गुण दिले ते सगळे रद्द समजा. चित्राचे बरोबर आहेत. ‘पहारा’ घ्या. ज्याला ऐकू येतं त्यानं घ्या. सिदूचं रेकॉर्डिंग ग्रुपवर आहे, आधी ते वाजवून बघा.

मी एक अक्षर बदललं नाही.

त्या महिन्यात टपऱ्यांवर काय चाललंय ते बघायला मी स्वतः गेले. मागवाले चहा घेत उभे होते आणि एकाचा फोन कानाकानावरून फिरत होता. कुणी म्हणायचा, वाजतंय की. कुणी फोन झटकून परत कानाला लावायचा. बसलिंगप्पा म्हणून पन्नाशीचे एक गृहस्थ फोन परत देत म्हणाले, “बंद पडलाय बघ तुझा.” फोन चालू होता. हसायला कुणीतरी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मी नऊ जणांना ऐकताना बघितलं. त्यातल्या पाच जणांना ते रेकॉर्डिंग रिकामं होतं.

मग काय झालं? फार काही नाही. ग्रुपमधून तीसेक जण निघून गेले, बहिऱ्याचं काय ऐकायचं म्हणून. मुकादमानं रत्नदीपला विचारलं, ऐकू येत नाही तर मागावर कसा उभा राहतोस? तो म्हणाला, मागावर कुणाला ऐकू येतं? तो अजून सहा-सात नंबरवरच आहे, फक्त कानात सुताचे बोळे घालतो. पाचांपैकी दोघांनी तपासून घेतलं. उरलेल्या तिघांनी आमच्या खोलीकडं यायचंच सोडलं. सगळ्यांचे कान तपासा म्हणून मी अर्ज करते, सह्या मागते, लोक सही करताना दुसरीकडं बघतात. मी दमलेय. पूर्वी चिडले की बरं वाटायचं, आता तेही वाटत नाही.

‘पहिला तास’ मात्र थांबलेला नाही. उलट आता त्यात एक नवी गोष्ट आहे: हा गेम ऐकू न येणाऱ्याला खेळता येतो का. ‘पहारा’वाल्या चौघांपैकी एकानं त्याला विचारलं, पहारेकरी आला की पडद्याची कड हलली तर चालेल का? रत्नदीपनं दोन पानं उत्तर पाठवलं. आवाजाचा रकाना तेवढा अडलाय. सिदूला भरायला सांगितला तर तो दर वेळी ‘लई भारी’ एवढंच लिहितो आणि रत्नदीप वैतागतो. “काय भारी? कुटनं येतो, कवा येतो, कशासारखा येतो? मला दिसंल असं लिव की रे!”

म्हणून तुम्हाला सांगते. तुमचे कान चांगले आहेत, तुमच्या घरातलं कुणीतरी नवा गेम आला की पहिल्या दिवशीच उतरवतं. त्यातला पहिला तास नीट ऐका. कुठला आवाज कुठून आला, कशासारखा होता, त्याच्यामुळं काय कळलं, ते चार ओळींत ‘मागवाला’च्या पत्त्यावर रत्नदीपच्या नावानं पाठवा. रेकॉर्डिंग पाठवू नका. लिहून पाठवा.