संत्र्याच्या पेटीतली पोस्ट

आमची पोस्ट उत्तरेला होती, बर्फात. नाव सांगत नाही. फौज सुटली तरी ही सवय सुटत नाही. गेला उन्हाळाभर तीच पोस्ट मोर्शीत, माझ्या घराच्या पडवीत, शिलाई मशीनच्या जुन्या टेबलावर मुक्कामाला होती. मी दिनकर, रिटायर्ड हवालदार. पलटणीत मला दिन्या म्हणत. आता संत्र्याची बाग पाहतो आणि बायकोची बोलणी खातो.

याची सुरुवात मूर्तिजापूरहून आलेल्या एका फोनने झाली. फोन गिरजामायचा होता. माझा जोडीदार लान्स नायक सुधाकर राऊत त्या पोस्टवर शहीद झाला, त्याची ही आई. गावाबाहेर त्यांचा फुलांचा मळा आहे. नवरा गेला, तरी माय अजून झेंडू, शेवंती घेऊन बाजारात बसते.

"दिनकर, माया पोरगा नेमका कुठीसा पडला रे?"

"पोस्टच्या जवळच, माय. मी होतो ना त्याच्यापाशी."

"हो बाप्पा. सगळे असंच म्हणतात."

आणि फोन ठेवला. माझं डोकं सटकलं. मायवर नाही. तिला माझं का पटत नाही, ते मला ठाऊक होतं. सुधाकरला गावी आणलं तेव्हा मी मिलिटरी हॉस्पिटलमध्ये पडलेलो होतो. इकडे श्रद्धांजलीच्या स्टेजवर कोणी एकाने माईक धरला आणि ठोकून दिलं, की वीर सुधाकर छाती पुढे काढून घोषणा देत गेला, तेच त्याचे शेवटचे शब्द. माय बायकांमध्ये बसली होती. ती एवढंच बोलली म्हणे, "माया पोरगा असा बोलणारा नवता."

तिथून पुढे तिने कोणाचंच खरं मानलं नाही. पोरगा एकटा गेला, तहानलेला गेला, आणि हे सगळे आपल्याला गोड बोलून गप्प बसवतात, हे तिच्या मनाने घेतलं. रोज सकाळी ती त्याच्या फोटोपुढे पाण्याने भरलेला गडू ठेवते. मी दोनदा जाऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चहा पाजला, परत पाठवलं.

माझी बायको मंदा म्हणाली, "तिनं जनमात बर्फ पाह्यला नाही. तुमी बंकर म्हणता, रिज म्हणता. तिले काय समजन? तोंडानं सांगू नका. दाखवा तिले."

बाई बरोबर बोलली. फौजेतही कामगिरीच्या आधी सँड मॉडेल करतात. मातीचा डोंगर, चुन्याची वाट, विटेचा तुकडा म्हणजे बंकर. सगळी पार्टी भोवती बसते आणि उस्ताद छडीने दाखवतो, उत्तर इकडे, दुश्मन तिकडे. अशी मॉडेलं मी पुष्कळ केली होती. म्हटलं, यात काय, आठ दिवसांचं काम.

अमरावतीचा एक ओळखीचा मास्तर हौसेने रणगाड्यांची छोटी मॉडेलं करतो. तो म्हणाला, याला डायोरामा म्हणतात, एकास पस्तीसच्या स्केलने करा. त्यानेच प्लास्टिकच्या जवानांचा डबा मागवून दिला. उघडतो तर काय, सगळे परदेशी! नाकं लांब, हेल्मेट भलतीच. त्यात पडलेला जवान एकही नव्हता. सगळे उभे, नाहीतर गुडघ्यावर.

माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची शेवटची पेरं नाहीत. चिमट्याने जवानाचा हात उचलायचा आणि खांद्याला डिंक लावून बसवायचा, एवढ्यात माझा सगळा सकाळचा वेळ जाई. एक हात माझ्या मिशीला चिकटला. एका जवानाचं डोकं मंदाने केरात लोटलं, ते सुपात सापडलं. टिश्यू पेपर पांढऱ्या गोंदात भिजवून मी त्यांना बर्फाचे कोट घातले. बर्फासाठी घरचीच कपाशीची रुई पिंजून डोंगरावर पसरली आणि मंदाला हाक मारली.

ती पदराला हात पुसत आली. बघितलं.

"हे तं गणपतीचं मखर दिसून राहिलं."

रुई काढली. मास्तरने सांगितल्याप्रमाणे खाण्याचा सोडा गोंदात कालवून लावला. आता बरं दिसू लागलं. मी खूश. पण खरा घोटाळा खालीच होता. डोंगर मी आमच्या वावरातल्या काळ्या मातीचा केला होता. लोण्यासारखी मऊ, हवा तो आकार घेते. माझी छाती फुगली होती, आपल्या मातीतली पोस्ट म्हणून.

वैशाखातलं ऊन. दोन दिवसांनी पाहतो तर डोंगर फाटलेला. बंकर आणि टेलिफोन लाईनचा खांब यांच्या बरोब्बर मधून भेग गेलेली, बोट जाईल एवढी. खांबापाशी सुधाकर उभा, बंकरपाशी आम्ही, आणि मध्ये दरी. माय हे पाहील तर काय म्हणेल? एकटाच होता ना माया पोरगा, हेच म्हणेल.

"मंदे! हे पाह्य काय झालं!"

"होईन नाही तं काय? काळी माती हाय ते. अवो, उन्हाळ्यात वावरात पाय जाईन एवढ्या भेगा पाहता तुमी. शेतकऱ्याचं पोर ना तुमी? शेण, राख, रुई कालवल्याशिवाय काळ्या मातीले हात लावते काय कोणी?"

मी म्हटलं, फौजेत भेगांची ऑर्डर नव्हती. ती हसून हसून खाली बसली. मग पदर खोचून तिनेच शेण, राख आणि माझी ती बदनाम रुई मातीत मळली आणि भेग दाबून भरली. वाळल्यावर मी वरून परत बर्फ चढवला. आमच्यात गेली कित्येक वर्षं एवढं सोबतीने काम झालं नव्हतं.

भेग भरताना तो दिवस पुन्हा डोळ्यांपुढे आला. तो जसा झाला तसा सांगतो.

पोस्टवर आम्ही थोडेच जण. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर उभं राहायचं, मग फावड्याने वाट मोकळी करायची, मग बुखारीवर, म्हणजे बंकरातल्या शेगडीवर, बर्फ वितळवून पाणी. रसद घेऊन येणारी पार्टी वादळामुळे खाली अडकली होती. साखर संपत आली होती, म्हणून सुभेदार साहेबांनी चहातली साखर अर्ध्यावर आणलेली. सुधाकर रोज त्यावर कुरकूर करायचा. बाकी त्याची तक्रार कशाचीच नसे.

त्या दिवशी दुपारी पुढच्या ओपीकडे जाणारी टेलिफोन लाईन तुटली. ओपी म्हणजे निगराणीची चौकी, तिथे दोन जवान बसलेले.

"लाईन कौन देखेगा?" सुभेदार साहेबांनी विचारलं.

"मैं, साहब," सुधाकर म्हणाला.

"दिनकर, रस्सी लगाओ."

त्याच्या कमरेला दोर, दुसरं टोक माझ्या कमरेला. तो पुढे, मी मागे. खांबापाशी तो वाकला, तार जोडली, हँडसेट लावून ओपीशी बोलला आणि माझ्याकडे पाहून अंगठा दाखवला. लाईन चालू. तेवढ्यात वरून आवाज आला. बर्फाचा कडा सुटला होता.

मी पालथा पडलो आणि आईस ॲक्स रोवली. दोर ताणला. आवाज थांबला तेव्हा पुढे सुधाकर नव्हता, सपाट बर्फ होता. पण दोर होता. दोर धरून मी पोचलो आणि खणायला लागलो. ग्लव्हजनी पकड येईना, काढून फेकले. सुभेदार साहेब धावत आले. खांद्यावरच्या वायरलेस सेटवर खालच्या ठाण्याशी, म्हणजे 'चीता'शी, झालेलं त्यांचं बोलणं अजून कानात आहे.

"चीता, चीता, एक जवान बर्फ के नीचे. निकाल रहे हैं. ओव्हर."

खालून उत्तर आलं, "हेलिकॉप्टर मौसम की वजह से रुका है. कोशिश जारी. ओव्हर."

तो जिवंत निघाला. छातीला मार होता. बंकरपर्यंत नेण्यासारखी अवस्था नव्हती. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, साहेबांनी हात धरला. तो म्हणाला, "पाणी." साहेबांच्या फ्लास्कमध्ये चहा होता. झाकणात ओतून मी त्याच्या ओठांना लावला. तो प्यायला. मग माझ्याकडे पाहिलं आणि बोलला.

"साखर कमी हाय बे, दिन्या."

अजून एक घोट घेतला. त्यानंतर बोलला नाही. थोड्या वेळाने त्याचा हात साहेबांच्या हातात सैल झाला. मी रडलो, साहेबही रडले. माझी बोटं तिथेच गोठली, पेरं गेली, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

हे साखरेचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तिकडे स्टेजवर घोषणा झालेली. लोकांच्या मनातल्या शहिदाने चहाला नावं ठेवायची? आणि आईला कोणत्या तोंडाने सांगू, की तुझ्या पोराच्या शेवटच्या चहात साखर कमी होती?

मॉडेल तयार झालं. पडलेला जवान मला जमेना, म्हणून सुधाकर उभाच ठेवला, खांबापाशी तार जोडताना. त्याच्या कमरेपासून माझ्या कमरेपर्यंत मंदाच्या डब्यातला लाल दोरा बांधला. पोस्ट संत्र्याच्या पेटीत तणसात बसवली आणि मी निघालो. मोर्शीहून एसटीने अमरावती, बडनेऱ्याहून गाडीने मूर्तिजापूर. पेटी मांडीवर. शेजारचा विचारतो, "संत्री काय भाव?" म्हटलं, विकायची नाहीत.

माय अंगणात शेवंतीच्या वेण्या करत होती. मी पेटी ओट्यावर ठेवली, तणस काढलं, आणि माझा जीवच गेला. एसटीच्या धक्क्यांनी सुधाकरचा डिंक सुटला होता. तो जागेवरून निघून उतारावर लटकत होता. लाल दोरा तेवढा त्याला धरून होता.

मी घाईने हात घातला.

"राहू दे," माय म्हणाली. "आधी सांग."

मग मी ऑर्डरीप्रमाणे सुरू केलं. "उत्तर इकडे, माय, तुया तुळशीच्या अंगानं. हा बंकर. इथं आमी निजो. हे बुखारी, इच्यावर बर्फ वितळवून पाणी करो."

"पाण्याची वाण नवती म्हणतं मंग."

"नवती, माय. आन् हा खांब. सुधाकर इथं पडला."

तिने बंकरावर एक बोट ठेवलं, खांबावर दुसरं. "खरं केवढं हाय हे?"

"तुया दारापासून त्या हापशापर्यंत."

हापशावर शेजारची सून पाणी भरत होती. तिच्या बांगड्या वाजत होत्या त्या ओट्यावर ऐकू येत होत्या. माय तिच्याकडे बघत राहिली.

"एवढंच?"

"एवढंच."

"आन् हा दोरा काहून लावला?"

"लावला नाही, माय. होताच. त्याच्या कमरेले एक टोक, माया कमरेले एक. त्यानंच तं सापडला तो मले."

तिने लटकणाऱ्या सुधाकरला उचललं नाही. दोरा फक्त चिमटीत धरून पाहिला. मग हळू आवाजात विचारलं, "बोलला काय काही?"

आता खोटं बोलणं माझ्याच्याने शक्य नव्हतं. म्हटलं, होऊन जाऊ दे. "पाणी मागतलं. मी चहा पाजला. पेला आन् म्हणे, साखर कमी हाय बे, दिन्या."

माय हसली. मोठ्याने, तोंडाला पदर लावून. "साखर कमी म्हणे! अरे, मायी नजर चुकवून डब्यातली मूठभर साखर टाके चहात. तोच होता रे. माया पोरगाच बोलला थे." हसता हसता ती रडू लागली. मीही रडलो, पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं मोकळं वाटत होतं. इतकी वर्षं जे सांगायला लाजत होतो, तेवढंच तिला पटलं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. घरात गेली आणि फोटोपुढचा गडू घेऊन आली.

"घे, पे. उन्हातून आला तू."

"माय, हे तं सुधाकरचं."

"त्यानं पेलं म्हणतं ना तू? मंग आता कोणासाठी ठेवू?"

मी उभ्याने गडू रिकामा केला. पाणी गार होतं. मायने तो विसळून चुलीजवळ पालथा घातला आणि चहाला आधण ठेवलं. तो चहा इतका गोड होता की माझ्या घशाखाली उतरेना, तरी मी संपवला.

सुधाकरला मी परत डिंक लावून खांबापाशी उभा केला. पोस्ट आता मायच्या घरी, त्याच्या फोटोखाली आहे. तिथे गडू नसतो, शेवंतीचं एक फूल असतं. लान्स नायक सुधाकर महादेव राऊत, राहणार मूर्तिजापूर. लाईन जोडून, चहा पिऊन गेला. एकटा गेला नाही.