गाळलेली तिसरी पायरी

माझ्या आत्याने तिचं मशीन कधी पाहिलेलं नाही. अकरा वर्षं ती त्याच्यावर काम करते आहे, पण ते उभं आहे लांब, दुसऱ्या शहरात, कुठल्याशा थंड हॉलमध्ये. फोटोत ते एकाला एक लागून ठेवलेल्या काळ्या कपाटांसारखं दिसतं. एवढा मोठा संगणक एकट्या कोणाचा नसतोच. शेकडो माणसं आपापल्या गावातून त्यावर काम टाकतात आणि रांगेत आपली पाळी यायची वाट बघतात. कोणी हवामानाचं गणित घालतं, कोणी औषधांचं. आत्या चित्रं काढते.

ती मुळात आरेखक. संशोधन संस्थेत लागली तेव्हा तिरप्या लाकडी फळीवर ट्रेसिंग पेपर ताणून शाईच्या पेनाने नकाशे काढायची. रेघ चुकली की दाढीच्या ब्लेडने शाई खरवडायची, आणि खरवडलेली जागा नखाने घासून अशी गुळगुळीत करायची की साहेबाला पत्ता लागत नसे. फळ्या भंगारात गेल्या तेव्हा तिच्या बरोबरचे दोघे घरी बसले. ही चाळिशीला आली होती. तरी खाली मान घालून नवं शिकली, दर वर्षी नव्याने सही होणाऱ्या करारावर राहिली, आणि संस्थेत तिला ‘चित्रवाली’ हे नाव पडलं. त्यात कौतुक किती आणि हिणवणं किती, हे हाक मारणाऱ्यावर असे.

तिचं काम एकदा तिने मला भाजी निवडता निवडता समजावलं होतं. गणितातून निघणारे आकडे इतके अफाट असतात की ते घरी आणताच येत नाहीत. मग चित्राच्या प्रोग्रॅमचेच दोन भाग करायचे. एक आपल्या टेबलावर, एक तिकडे, आकड्यांच्या शेजारी. चित्र तिकडे तयार होतं, इकडे नुसतं दिसतं. मात्र आपण तिकडे पोहोचतो ते आधी एका लहान मशीनवर. ते सगळ्यांचं दार. तिथे फक्त सांगायचं, मला इतकी जागा इतक्या वेळासाठी हवी, आणि थांबायचं. पाळी आली की मोठ्या मशीनवर आत जायचं. दारातच काम सुरू केलं, तर मागे उभ्या असलेल्या सगळ्यांची वाट बंद होते.

“दवाखान्यात नाव लिहून घ्यायच्या टेबलावरच ऑपरेशन मांडलं तर कसं होईल?” ती म्हणाली. “तसं.”

या सगळ्याच्या सहा पायऱ्या तिने एका कार्डावर लिहून ठेवल्या होत्या, तिच्या त्या आरेखकाच्या सरळ उभ्या अक्षरात. तिसरी पायरी होती: ‘रांगेत नाव घाला आणि पाळी येईपर्यंत थांबा.’ कार्ड टेबलाच्या काचेखाली असे. आणि त्याच्या शेजारी, विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून, तिच्या खात्याचा पासवर्ड.

हे का, तर स्वतःचं खातं हवं असेल तर फॉर्म भरावा लागतो आणि दोन तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. विभागातल्या चार शास्त्रज्ञांना ते कमीपणाचं वाटलं. सर, म्हणजे विभागप्रमुख, म्हणाले होते, कामाचा खोळंबा नको, बाईंचं खातं आहेच की. सहा वर्षं चौघे जण आत्याच्या नावाने आत जात होते. आत्याला ते पटलं नव्हतं, पण ती बोलली नाही. करारावरची माणसं कधी बोलायचं ते फार विचार करून ठरवतात.

यंदाचं काम बोगद्याचं होतं. डोंगरातून जाणाऱ्या लांब बोगद्यात मधोमध एखादा ट्रक पेटला, तर धूर किती मिनिटांत कुठवर जाईल, याचं गणित शास्त्रज्ञांनी केलं होतं. त्या आकड्यांतून धूर दिसेल असं करायचं ते आत्याने. बोगद्याला मध्ये आणखी एक बाहेर पडायचं दार हवं का, हे रस्त्यांचं मंडळ शुक्रवारी ते चित्र बघून ठरवणार होतं.

त्या आठवड्याच्या सोमवारी सकाळी आत्या टेबलाशी बसली आणि तिला तिकडून एकच ओळ दिसली: हे खातं बंद करण्यात आलं आहे.

तिला वाटलं, आपलंच बोट कुठेतरी चुकलं. पुन्हा केलं, तीच ओळ. मग तिने ते मशीन सांभाळणाऱ्या संगणक केंद्रात फोन लावला. तिथला मदतनीस तिला अकरा वर्षं फक्त आवाजाने ओळखत होता, ताई म्हणायचा, कधीमधी आपल्या मुलीच्या दहावीचंही सांगायचा. त्या दिवशी त्याचा आवाज कागदासारखा कोरडा होता. शनिवारी दुपारी तीन ते पावणेचार तिच्या खात्यातून दारावरच्या मशीनवर कोणीतरी अख्खं चित्र फिरवत होतं. तीनशे माणसं अडकली. औषधांचं गणित करणाऱ्या एका गटाची तीन दिवस रांगेत थांबून आलेली पाळी वाया गेली. सगळ्यांना सूचना गेली होती, आणि सूचनेत खात्याचं नाव होतं. खात्याचं नाव म्हणजे आत्याचं नाव आणि आडनाव.

“ताई, दुसऱ्या कोणाकडून झालं असतं तर समजलो असतो,” तो म्हणाला. “नव्या पोरांना आम्ही तुमच्या कार्डाची प्रत दाखवतो.”

शनिवारी दुपारी तीन वाजता आत्या दवाखान्यात होती. काकांच्या अंगठ्याचे टाके काढायचे होते. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, किल्ल्या बनवतात. कानस निसटून अंगठ्यात गेली होती. तेव्हा आत्याला कोणाला विचारायची गरजच नव्हती. शनिवारी मंडळाचे पाहुणे येणार हे तिला माहीत होतं. शिपायाने उरलेलं सांगितलं. सरांनी पाहुण्यांना तिच्या टेबलाशी आणलं, कार्ड समोर धरलं, पहिली पायरी केली, दुसरी केली. तिसरीला चहा आला. पाहुणे उभे, रांगेत शंभरावर माणसं पुढे. सर म्हणाले, ही काही आवश्यक नाही, आणि थेट चौथीवर गेले. चित्र छान फिरलं म्हणे. पाहुण्यांनी मान डोलावली.

माणसाला एखादी गोष्ट माहीत नसते, तो चुकतो, हे मी समजू शकते. पण इथे ती लिहिलेली होती. सुंदर अक्षरात लिहिलेली होती. वाचून गाळली होती.

सरांनी तिला बारा वाजता बोलावलं. पत्र आधीच टाइप करून ठेवलेलं होतं. माझ्या निष्काळजीपणामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे, पुन्हा असं होणार नाही, आणि खाली तिचं नाव. सर चिडले नव्हते, हेच जास्त वाईट होतं. ते अगदी सहज बोलत होते, हजेरीपटावर सही मागावी तसे. म्हणाले, औपचारिकता आहे, दोन ओळी, संध्याकाळपर्यंत खातं चालू होईल. तिकडे माझं नाव गेलं तर विभागाचं नाव जातं. तुमचं काय, तुम्हाला कोण ओळखतं?

आत्याने पत्र वाचलं. टेबलावर ठेवलं. सही केली नाही.

“तिथे तीनशे माणसं माझ्यावर चिडलीत, सर,” ती म्हणाली. “मी त्यांतल्या एकालाही ओळखत नाही. पण अकरा वर्षं मी त्यांच्याबरोबर रांगेत उभी आहे.”

मग सरांनी दुसरा दगड उचलला. शुक्रवारी बैठक आहे, शेवटचं चित्र अजून व्हायचं आहे. तुमच्या हट्टापायी चित्र झालं नाही आणि ते दार राहिलं, उद्या तिथे काही घडलं, तर? आणि जाता जाता, करार मार्चमध्ये संपतो ना तुमचा, असंही विचारलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी तिथेच होते; ती चप्पल न काढताच खुर्चीवर बसली. बोगद्यातल्या माणसांचा असा काठीसारखा वापर केला, याचा संताप तिला करारापेक्षा जास्त होता. आठ महिने ती त्या धुराबरोबर राहिली होती. चौथ्या मिनिटाला तो छताशी जमतो, सहाव्याला खाली उतरतो, हे तिला घरच्या माणसाच्या सवयींसारखं पाठ होतं. आणि तिलाच विचारत होते, तुला त्या माणसांचं काही नाही का.

काका अंगठा वर धरून ऐकत होते. म्हणाले, “अगं, मी जन्मभर जगाच्या किल्ल्या बनवल्या. आपल्या घराची एकाला दिली का? तू तर काचेखाली मांडून ठेवलीस.”

“म्हणजे माझंच चुकलं?”

“तेवढं चुकलं. तेवढंच लिही.”

मला वाटलं, आता भांडण होणार. पण ती उठली, कपाटातून जुनं शाईचं पेन काढलं, निब धुतली, आणि जेवणाच्या टेबलावर कोरा कागद घेऊन बसली. दोन कागद फाडले. पहिल्यात राग फार होता, दुसऱ्यात नम्रता.

तिसऱ्या पत्रात एकही विशेषण नव्हतं. खातं माझं आहे. त्याचा पासवर्ड मी सहा वर्षं चार जणांना वापरू दिला, ही माझी चूक आहे आणि तिच्याबद्दल मी दिलगीर आहे. शनिवारी तीन ते पावणेचार मी संस्थेत नव्हते. त्या वेळी विभागप्रमुख माझ्या टेबलावरून पाहुण्यांना चित्र दाखवत होते. यापुढे हे खातं फक्त मी वापरेन. सूचनेत माझं नाव गेलं आहे, तर दुरुस्तीही त्याच सगळ्यांना जावी.

मंगळवारी सकाळी तिने ते केंद्राला पाठवलं आणि एक प्रत सरांच्या टेबलावर ठेवली. उलटी नाही, सरळ. दिवसभर सरांचं दार बंद राहिलं. कोणी तिच्याशी बोललं नाही. पासवर्ड वापरणाऱ्या चौघांतला एक जण जिन्यात भेटला, तो भिंतीवरची नोटीस वाचू लागला. ती गेल्या वर्षीची होती.

बुधवारी दुपारी फोन वाजला. खातं उघडलं होतं, मिळालेला नवा पासवर्ड तिने लगेच बदलायचा होता. मदतनीस म्हणाला, दुरुस्ती पाठवायची इथे पद्धत नाही, ताई. आत्याने विचारलं, चूक पाठवायची पद्धत आहे का? तासाभराने तीनशे जणांना एक ओळ गेली: शनिवारच्या अडथळ्याशी या खातेदाराचा संबंध नव्हता. कोणाचा होता, ते त्यात नव्हतं.

गुरुवारी अकराला तिची पाळी आली. तिने धूर सोडला, मिनिटामिनिटाने, आणि मधलं दार जिथे यायला हवं होतं तिथे माणसाच्या उंचीची एक पांढरी रेघ काढली. सहाव्या मिनिटाला रेघ दिसेनाशी झाली. शुक्रवारी सरांनी ते बैठकीत दाखवलं, आमच्या विभागाने केलं म्हणून. दार मंजूर झालं. आत्याला बोलावलं नव्हतं.

काचेखाली आता फक्त कार्ड आहे. चौघांपैकी दोघांनी फॉर्म भरले. सरांनी भरलेला नाही. त्यांना काही बघायचं असेल तर ते येतात आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर बसतात. ती रांगेत नाव घालते. “एकशे बारा जण पुढे आहेत, सर,” म्हणते, आणि दोघं पाळीची वाट बघत बसतात. मार्चला अजून दोन महिने आहेत. मग काय होईल ते ती बोलत नाही.

माफी कोणी मागितलेली नाही. काका म्हणतात, तीही रांगेत असेल. आत्या त्यावर हसत नाही.