बाहुबली अण्णा आणि तांब्याभर पाणी

सपाट रस्त्यावर सायकल चालवण्यात काय मोठंसं, असं मी एकदा बाहुबली अण्णांना तोंडावर म्हणालो होतो. माणूस शांत, म्हणून वाचलो. मी बेळगुंदीचा. जांबोटीच्या चढावर फेस काढत लहानाचा मोठा झालो. नोकरीने निपाणीत आणून टाकलं आणि बोरगावच्या बाजूला सायकल घातली, तेव्हा मला वाटलं, ही काय सायकलिंगची जागा? ताटासारखी जमीन. उसाला पाणी पाजून पाजून अर्धी क्षारपड झालेली. पावसाळा सरत आला तरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी उभं, त्यात लव्हाळा, लव्हाळ्यात बगळे. बघायला बरं, पण चढ नाही, उतार नाही.

त्याच रस्त्यावर एके दिवशी एक सत्तावन्न वर्षांचा माणूस मला मागे टाकून गेला. अंगात बंडी, डोक्याला टॉवेल, आणि खाली रेसिंगच्या सायकलला दूधवाल्यासारखं कॅरिअर बसवलेलं. रेसिंगच्या सायकलला कॅरिअर बघून मला कसंसंच झालं. पुढे चहाच्या टपरीवर गाठ पडली, तेच हे बाहुबली अण्णा, आणि चहाही घेईनात. सरकारी बस डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते, आता तीन एकर ऊस बघतात, आणि पाणी पितात ते घरचं, गाळलेलं. जैन माणसाचं पाण्याचं एवढं काय असतं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

वाऱ्याला कसं तोंड द्यायचं ते मला त्यांनीच शिकवलं. चढावर माणूस थांबून दम तरी खातो, उतारावर पाय सोडून बसतो, पण इथे पाय थांबला की सायकल थांबली, वर वारा फुकटचा. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहायचं, वारा त्याला खाऊ द्यायचा, मग पाळी बदलायची. चार वर्षं आम्ही रविवारी असे हिंडलो. त्यांची धाकटी बहीण, ब्राह्मी, दीक्षा घेऊन नऊ वर्षांपूर्वी आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, झाली, हे त्यांनी मला तिसऱ्या वर्षी सांगितलं. दीक्षा घेतली की भाऊ नाही, बहीण नाही. तेही बाकीच्यांसारखे लांबून नमस्कार करायचे आणि माताजीच म्हणायचे.

गेल्या वर्षी माताजींचा चातुर्मास नदीपलीकडच्या एका गावात होता. म्हणजे महाराष्ट्रात. अण्णांच्या विहिरीपासून सोळा किलोमीटर. बंधारा ओलांडला की डांबर बदलतं आणि फोनवर दुसऱ्या राज्यात स्वागत केल्याचा मेसेज येतो, एवढीच ती सीमा. पण त्या गावच्या विहिरी खारवलेल्या. आर्यिका दिवसातून एकदाच आहार घेतात, अन्न आणि पाणी जे काय ते तेव्हाच, तेही ओंजळीत, आणि पाणी विहिरीचंच लागतं. जेवताना केस निघाला, मुंगी सापडली, उलटी झाली, की आहार तिथेच थांबला. मग दुसऱ्या दिवसापर्यंत थेंब नाही.

भाद्रपदातल्या त्या आठवड्यात नेमकं तेच झालं. गुरुवारी खारट पाण्याने माताजींना पहिल्या दोन ओंजळींतच उलटी झाली. शुक्रवारी पुन्हा तेच. शनिवारी चतुर्दशी, म्हणजे त्यांचा नेमाचा उपवास. तीन दिवस पोटात काही नाही. मंदिरात बायका हळू आवाजात बोलायला लागल्या, आणि एका म्हाताऱ्याने समाधीचं, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवण्याचं, नाव काढलं. अण्णांनी मला शनिवारी संध्याकाळी फोन केला. त्यांची विहीर माळावर आहे, पाणी गोड. उद्या सकाळी ते न्यायचं. मोठ्या पुलाचा भराव वाहून गेलाय, बंधाऱ्यावर पोलिसांनी गाड्या बंद केल्यात, फक्त चालत जाता येतं. सायकल खांद्यावर घेता येईल, पाणी घ्यायला दुसरा माणूस पाहिजे. एवढं सगळं सांगून ते म्हणाले, "जमंल का रं?"

मी सकाळी सहाला विहिरीवर होतो. अण्णा आंघोळ करून ओल्या धोतराने उभे. उजाडल्याशिवाय पाणी काढायचं नाही. उजाडल्यावर त्यांनी घागर ओढली, दुहेरी जाड कापडातून दहा लिटरच्या स्टीलच्या कॅनमध्ये गाळली. मग कापड उलटं करून त्यावरच वरून गाळलेलं पाणी ओतलं आणि ते खाली एका तांब्यात धरलं. त्याला जीवाणी म्हणतात. कापडावर जे डोळ्यांना न दिसणारे जीव राहिले, ते ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडायचे, वरून फेकायचे नाहीत, दोरीने तांब्या पाण्याला टेकवून अलगद. तांब्याच्या बुडाला त्यासाठी वेगळी कडी असते.

हे मी आता शहाण्यासारखं सांगतोय. त्या वेळी मला त्यातलं काही कळत नव्हतं. समोर कोवळं ऊन होतं, ओलेता म्हातारा होता, विहीर होती, आणि माझ्या हातात फोन होता. मी त्यांना इकडे तोंड करा, तांब्या जरा वर धरा, असं करत चार फोटो काढले. आमच्या बेळगावच्या सायकल ग्रुपवर टाकायचे होते. वर उशीर होतोय म्हणून घाईही मीच केली. अण्णांनी तांब्यावर फडकं बांधून तो काठावर ठेवला आणि कॅन कॅरिअरला आवळायला घेतला.

सात वाजता निघालो. वारा पाठीवर होता. बंधाऱ्यावर मी कॅन उचलला, त्यांनी दोन्ही सायकली एकेक करून पलीकडे नेल्या, आणि आठला पाच मिनिटं असताना आम्ही त्रिशलाकाकूंच्या दारात होतो. त्या दिवशी माताजींसाठी स्वयंपाक त्यांच्याकडे होता. काकू शिस्तीच्या. उंबऱ्याच्या आतूनच त्यांनी विचारलं, कुठली विहीर, पाणी कधी काढलं, कापड कसलं. अण्णा उत्तरं देत होते. मग त्यांनी विचारलं, "जीवाणी सोडलीसा न्हवं?"

अण्णा वळले आणि त्यांनी माझ्या सायकलच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीत हात घातला. आत फडकं बांधलेला तांब्या होता. कॅन आवळला की तो विहिरीत सोडायचा होता, पण माझ्या घाईत ते राहून गेलं, आणि काठावरून तो मीच उचलला होता. मला वाटलं, हेही पाणी न्यायचंच आहे.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की अण्णांनी हो म्हणावं. कोणाला कळणार होतं? तिथे कोपऱ्यावर गटार होतं, तांब्या ओतून टाकायचा आणि कॅन चुलीवर चढवायचा. पलीकडच्या गल्लीत तीन दिवस उपाशी बाई बसली होती, आणि ती या माणसाची बहीण होती. मी त्यांच्याकडे बघून, हो म्हणा, अशी मान हलवलीसुद्धा.

"सोडली न्हाई काकू," अण्णा म्हणाले. "चूक झाली माझी."

माझी, म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. काकूंनी कपाळाला हात लावला. त्या रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. असलं पाणी चुलीवर ठेवता येणार नाही, आणि माताजींना न सांगता तर मुळीच नाही, एवढं त्यांनी सांगितलं. घरातल्या विहिरीचं खारट पाणी होतं, तेच तापवावं लागेल. माताजी दहाला निघतात. अण्णांनी घड्याळ बघितलं. मग त्यांनी विचारलं, की मी परत जाऊन जीवाणी सोडली आणि तिथनं फोन केला, तर हेच पाणी चालेल का? काकूंनी क्षणभर विचार केला. साडेनऊच्या आत फोन आला तर चालेल, म्हणाल्या. पाणी उकळून निवायला तेवढा वेळ लागतोच.

अण्णांनी कॅन दारात सोडला आणि तांब्या छातीशी बांधून घेतला, टॉवेलात, तान्ह्या पोराला बांधतात तसा. मी पुढे झालो. आता वारा समोर होता, आणि मी आयुष्यात कधी खाल्ला नव्हता एवढा वारा त्या सकाळी खाल्ला. पाळी बदलायची नाही, असं मीच ठरवलं. चूक माझी होती, निदान वारा तरी माझा. मागे वळून बघायची गरज नव्हती, त्यांच्या साखळीचा आवाज माझ्या चाकाला चिकटून येत होता. दोन्हीकडचं उभं पाणी संपता संपत नव्हतं. ज्या रस्त्याला मी नावं ठेवत होतो त्यावर आता एक उतार मिळावा म्हणून मी गयावया करत होतो. बंधाऱ्यावर पोलिसाने हटकलं, तांब्यात काय आहे विचारलं. अण्णा कानडीत काहीतरी बोलले आणि त्याने बाजूला होऊन वाट दिली.

नऊ वाजून सहा मिनिटांनी आम्ही विहिरीवर पोचलो. अण्णांनी छातीवरचा टॉवेल सोडला आणि तांब्याला दोरी लावली. दोरी हातातून हळूहळू गेली, खाली पाण्याला टेकल्यावर त्यांनी एक हिसका दिला, तांब्या कलंडला. मग त्यांनी काकूंना फोन केला आणि फक्त "सोडली" म्हणाले.

त्यानंतर करायचं काहीच राहिलं नव्हतं. परत जाऊन आहार बघायला मिळणार नव्हता, अण्णांच्या पायांत तेवढा जीवही नव्हता. आम्ही काठावर बसलो. मी माफी मागितली. ते म्हणाले, तुला काय ठावं, मी बघायला पाहिजे होतं. दहा वाजले, सव्वादहा झाले. मी माझ्या बाटलीतलं पाणी प्यालो, बाटली त्यांच्यापुढे केली तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. बाटलीतलं ते पीत नाहीतच, म्हणून मला काही वाटलं नाही.

पावणेअकराला फोन वाजला. अण्णांना बटण सापडेना, मी स्पीकर लावून दिला. काकूंचा आवाज इतका मोठा आला की झाडावरचे बगळे उठले. माताजींचा आहार निर्विघ्न झाला होता. भात घेतला, मुगाचं वरण घेतलं, आणि पाणी अकरा ओंजळी, काकूंनी मोजलं होतं. उलटी नाही, काही नाही. चेहरा सुद्धा बदलला, म्हणाल्या. अण्णांनी फोन खाली धरला आणि धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडले. मलाही राहवलं नाही. इतकं हलकं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

काकू अजून बोलत होत्या. आहार झाल्यावर त्यांनी पाण्याची सगळी हकिगत माताजींना सांगितली होती, चुकीसकट. माताजींनी सगळं ऐकून घेतलं, आणि एकच म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, विहिरीवाल्यांना सांगा, आता तुमीबी पाणी घ्या."

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली. खोदून विचारल्यावर कळलं, शुक्रवारी रात्रीपासून त्यांच्या घशाखाली थेंब उतरला नव्हता. बत्तीस किलोमीटर, अर्धे वाऱ्याविरुद्ध. घरात कोणाला सांगितलं नव्हतं, मला नव्हतं, त्या काकूंनाही नव्हतं. मी तिथेच त्यांना शिव्या घातल्या, वय बघितलं नाही. ते ऐकून घेत होते आणि घागरीला दोरी बांधत होते.

पाणी मी ओढलं, कळशीत गाळलं त्यांनी, आणि जीवाणी आधी सोडली. मग मी कळशी वाकडी केली आणि ते ओंजळ तोंडाला लावून किती वेळ पीत राहिले. मध्येच थांबले, ओल्या मिशा पुसल्या.

"ल्हानपणापास्नं तिला माझं सगळं कळतंय बघ," म्हणाले, आणि ओंजळ पुन्हा पुढे केली.