घुमारा निवड समिती

ही हकीकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कुणी विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो. आता उठणं होत नाही, तेव्हा बसल्या जागी सांगून टाकतो.

मास्तर कुठल्याही खोलीत शिरला की आधी एक टाळी वाजवायचा. एकच. मग मान तिरकी करून ती टाळी कुठवर जाते ते ऐकायचा. अंबडच्या आमच्या शाळेत तो पहिल्यांदा आला, माझ्या कार्यालयात टाळी वाजवली, आणि बाहेरून शिपाई धावत आला.

"काही न्हाई भाऊ, खोली कशी बोलती ते पाहून राह्यलो," मास्तर म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "कोरडी आहे सर, बिलकुल कोरडी. चांगलं आहे."

मुख्याध्यापकाच्या खोलीला तोंडावर कोरडी म्हणणारा तो पहिलाच. बाकीचे माझ्या माघारी म्हणत.

तो तासिका तत्त्वावर संगीत शिकवायचा. दर जूनमध्ये संस्था त्याला ठेवायचं की नाही ते ठरवायची. घरी एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्यात परदेशातला अख्खा वाद्यवृंद. तिकडच्या वादकांकडून एकेक सूर वाजवून घेऊन साठवलेला असतो. इकडे पेटीसारखी पट्टी दाबली की चाळीस व्हायोलिनं वाजतात. "चाळीस माणसं पोसून राह्यलो सर," तो म्हणे, "पण एक कप चहा मागत न्हाईत."

संस्थेला पन्नास वर्षं झाली, गौरवगीत ठरलं. शब्द माझे, सहा कडवी. चाल मास्तरची, मागे ते चाळीस व्हायोलिनवाले. संस्थेचे सचिव अण्णा जाहीरपणे म्हणाले, "गाणं जमलं तर मास्तरला कायम करून टाकू." त्या दिवसापासून मास्तर धुतलेला सदरा घालून येऊ लागला.

गाडं अडलं रिव्हर्बवर. रिव्हर्ब म्हणजे घुमारा. मोठ्या हॉलमध्ये सूर थांबल्यावरही जो रेंगाळतो, तो. कॉम्प्युटरमध्ये तो गणिताने तयार करतात आणि त्याच्या छोट्या प्रोग्रामला प्लगिन म्हणतात. मास्तरने तीन प्लगिन चाचणीसाठी उतरवले होते. एक त्याला पसंत होता. पण आमच्याकडे पंखासुद्धा समितीशिवाय लागत नाही. समिती नेमली गेली. गीतकार म्हणून मी अध्यक्ष, सचिव म्हणून अण्णा, आणि कलेतला माणूस हवा म्हणून चित्रकलेचे सर.

"गॅरंटी किती वर्षांची?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, घुमारा आहे. पाण्याची मोटर न्हाई."

पडद्यावर एका घुमाऱ्याचं नाव 'कॅथेड्रल' होतं. अण्णांचा चेहरा पडला. आपल्या संस्थेचं गीत चर्चमध्ये कशाला? मास्तरने मुकाट्याने तिथे 'सभामंडप' असं टाइप केलं आणि तेच पुन्हा वाजवलं. अण्णांनी हात जोडले. "आता कसं, भारल्यासारखं वाटतं."

तुम्ही हसाल. माझ्यावर हसा, कारण मी त्यांच्याहून वाईट होतो. माझा डावा कान कधीच गेला होता आणि उजवा निघायच्या तयारीत होता. हे मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. मला तिन्ही घुमारे सारखेच वाटले. फक्त तिसऱ्यात गाणं संपल्यावरही काहीतरी बराच वेळ घुमत राहिलं, तेवढं ऐकू आलं. म्हणून मी म्हणालो, "यात आत्मा आहे."

"आणि छटाही," चित्रकलेचे सर डोळे मिटून म्हणाले.

मास्तर उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला. "सर, हे व्हायोलिनवाले रेकॉर्डिंगच्या वक्तालाच एका हॉलात बसलेले हायेत. त्यायला आणखी एका हॉलात कोंबायचं, आन् मंग तुमच्या पत्र्याच्या मंगल कार्यालयात? तो पत्रा आधीच घुमतो. पहिला घ्या सर, थोडासाच."

"समितीचं एकमत आहे," मी म्हणालो.

कार्यक्रमाच्या दिवशी त्या मंगल कार्यालयात पहिलं कडवं संपायच्या आत दुसरं त्याच्यावर येऊन आदळलं. तिसऱ्यापर्यंत शब्द कुठले आणि व्हायोलिन कुठलं, कळेना. प्रमुख पाहुण्यांनी मान वर करून पत्र्याकडे पाहिलं. विमान चाललंय असं त्यांना वाटलं असावं. मागच्या रांगांत हशा पिकला.

मास्तर वाकत वाकत माझ्या खुर्चीपाशी आला. "सर, बिनघुमाऱ्याची कोरडी कॉपी आणलीय पेन ड्राइव्हमध्ये. लावू? जल्दी होईल."

ती चांगली वाजली असती. तीच माझी भीती होती. माझा कान उघडा पडला असता. मी म्हणालो, "जागेवर जाऊन बसा."

अण्णांनी माईकवरच विचारलं, "हे निवडलं तरी कुणी?" मी उठलो आणि भर सभेत म्हणालो, "तांत्रिक बाजूत मास्तरांचा अंदाज चुकला."

मास्तरने माझ्याकडे पाहिलं. मग लोकांपुढे हात जोडले. "बराबर आहे. चूक माझी."

संध्याकाळी वायरी गुंडाळताना तो हळूच म्हणाला, "सर, जालन्याला कानाचं मशीन मिळतं. दाखवून घ्या. मी कुणाला बोललो न्हाई." समजावायला तो नेहमी उजवीकडेच का बसतो, हे मला तेव्हा कळलं. मी त्याला अदब समजत होतो.

जूनमध्ये तासिकांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. यादीवर सही माझी होती. तो गावी टेंभुर्णीला गेला. तिथे लग्नाची, दुकानांच्या जाहिरातींची गाणी करायचा म्हणे. मागच्या वर्षी वारला.

त्याआधी एकदाच दिसला, अंबडच्या स्टँडवर, जालना गाडीच्या खिडकीत. केस पांढरे झाले होते. त्यानेच हाक मारली, "सर! तब्येत कशी हाये?"

मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. वाक्य कधीचं तयार होतं: मास्तर, चूक माझी होती आणि ती मी तुमच्या माथी मारली. ड्रायव्हर अजून चहा पीत होता. इंजिन बंद होतं. मास्तर खिडकीतून वाकून वाट पाहत होता.

मी म्हणालो, "बरी आहे. खिडकीची जागा मिळाली, छान झालं."