वाळूत खणायला काय घ्यावं

मेटल डिटेक्टर मला ऑफिसातल्या एका माणसाकडून मिळाला. तो कायमचा मायदेशी चालला होता आणि घर रिकामं करताना त्याने सोफा आणि हे यंत्र विकायला काढलं होतं. बायकोने मला सोफा बघायला पाठवलं होतं. मी यंत्र घेऊन आलो.

"खलास. आता यावर एक दिरहमही वर खर्च करायचा नाही," ती म्हणाली.

पण यंत्र नुसतं वाजतं. वाजलेलं बाहेर काढायला हत्यार लागतं. वाळूसाठीचं जाळीदार स्टीलचं फावडं ऑनलाइन तीनशे दिरहमला होतं, म्हणजे सात हजार रुपयांच्या वर, यंत्राहून महाग. मी शारजात, अल मजाजमधल्या आमच्या टॉवरखालच्या स्वस्त दुकानातून कुंडीतलं खुरपं घेतलं आणि कोथिंबिरीखाली लपवून घरात आणलं.

जुन्या वास्तूंच्या आसपास खणायला इथे परवानगी नसते, म्हणून मी फक्त पिकनिकवाल्यांच्या किनाऱ्यावर जायचो. कोरड्या वाळूत खुरप्याने खड्डा काढावा, तर बाजूची वाळू लगेच आत. शिवाय खुरपं लोखंडी. ते जिथे ठेवावं तिथेच यंत्र वाजायचं. पहिल्या संध्याकाळी मी माझं खुरपंच पुन्हा पुन्हा शोधून काढलं.

वाळूला खुरपं नको, चाळण हवी, एवढं कळलं. दांड्याची चाळण म्हणजे झारा, आणि तो घरात होता. शर्टाच्या आत, पाठीला लावून मी तो लिफ्टमधून खाली नेला. "पाठ धरली का हो?" शेजारच्या बाईंनी विचारलं. मी कण्हून दाखवलं. झाऱ्यातून वाळू छान गळायची, नाणीही सापडली. पण तोही स्टीलचा, त्यामुळे त्याच्यावरही यंत्र वाजायचंच. घरी फक्त आमची मुलगी होती; मी तो नळाखाली धरला आणि होता तिथे टांगून ठेवला.

त्याच आठवड्यात सासरे आले. सासूबाई गेल्यापासून ते गावच्या घरातून हलले नव्हते. बायकोने वर्षभर फोनवर विनवण्या करून त्यांना दोन महिन्यांसाठी तयार केलं होतं. ते येताच तिने शंकरपाळे तळले.

शनिवारी आम्ही त्यांना रास अल खैमाच्या समुद्रावर नेलं. खाणं झालं, शंकरपाळेही संपले, सासरे पाय बुडवायला गेले आणि बायकोने आवराआवर करताना सतरंजी जोरात झटकली. सासरे परतले ते तोंडावर रुमाल धरूनच.

"इथे कागदी रुमालाची पुडी होती."

"कसली, अण्णा?"

"कवळी होती तीत. काढून ठेवली होती."

वरच्या दातांची ती कवळी, धातूच्या पट्टीवर बसवलेली. बायकोने झटकलेली सतरंजी पुन्हा उलगडून बघितली.  तीत काहीच नव्हतं.

"नवी करू इथे," मी म्हणालो.

"माझ्या डॉक्टरकडे पाच खेपा घातल्या तेव्हा ती बसली," रुमालाआडून आवाज आला. "असा कुणासमोर बसणार मी? परवाचं तिकीट बघा, जावईबापू. मी जातो."

 बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते यंत्र गाडीत आहे ना?"

ते खुरप्यासकट डिकीत, स्टेपनीच्या चटईखाली होतं. तिला हे कधीपासून माहीत होतं, ते मी विचारलं नाही.

सतरंजी झटकली त्या बाजूला मी यंत्र फिरवू लागलो. बाटलीचं बूच. तंबूची खुंटी. तिसऱ्यांदा आवाज बारीक आला. मी खुरपं उचललं तसा सासऱ्यांनी माझा हात धरला.

"टोक लागलं तर चिरेल ती."

मुलगी दोन पावलं मागून बघत होती. "बाबा, धिस इज सो ग्रॉस," तिने कळवलं.

बायकोने प्लास्टिकची रोळी उचलली. घरी ती तांदूळ धुते ती; आज तीत द्राक्षं होती. उरलेली द्राक्षं तिने माझ्या ओंजळीत ओतली, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी वाळू अलगद रोळीत ओढून चाळू लागली. मी द्राक्षं मुलीकडे दिली आणि रोळीवर यंत्र धरलं. रोळी प्लास्टिकची, म्हणून ते गप्प. रिकामी करायची, पुन्हा भरायची. दर खेपेला ती माझ्याकडे बघायची, मी मान हलवायचो.

मग एका खेपेला रोळी वाजली. तिने ती हळूहळू हलवली. वाळू गळत गेली आणि तळाशी राहिला कागदाचा ओला चोळामोळा. त्यात सासऱ्यांचे दात, अख्खे.

सासऱ्यांनी पाठ फिरवून, पिण्याच्या पाण्याने ते धुऊन बसवले. रुमाल घडी घालून खिशात ठेवला. बायकोने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच विचारलं, "पण अण्णा, काढलीत कशाला?"

"अगं, वाळू गेली होती खाली. कचकच करत होती."

"वाऱ्याने?"

"नाही. शंकरपाळ्यात होती. घरी खाल्लेल्यांतही होती. तू एवढ्या प्रेमाने केलेस, म्हणून बोललो नाही."

बायको विचारात पडली. मी समुद्राकडे बघू लागलो. मुलगी द्राक्ष खात म्हणाली, "मॉम, बाबा टुक द झारा टू द बीच."

परतताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास मला बोलणी बसली. मागच्या सीटवर सासरे सगळे दात दाखवत हसत होते. तिकिटाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

रोळी आता डिकीत असते. बायकोने घरात नवी आणली आणि झारा कपाटात कुलपाआड गेला.