सहा नंबरची आई

माझ्या थोरल्या लेकीच्या हृदयाला छिद्र होतं. चार पावलं धावली की तिचे ओठ जांभळे पडायचे आणि ती उकिडवी बसून राहायची. पालघरच्या डॉक्टरांनी आम्हाला मुंबईच्या मुलांच्या हॉस्पिटलात धाडलं. पुष्कळ वाट पाहिल्यावर ऑपरेशनचं बोलावणं आलं तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि धाकटा माझ्या अंगावर पीत होता.

ऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. आम्ही साताऱ्याकडचे. आमचे हे तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जायचे आणि बोईसरजवळच्या सालवडला आमच्या दोन खोल्या होत्या. जवळचं म्हणावं असं माणूस एकच, ह्यांची धाकटी बहीण, पालघरला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. अकरावी शिकलेली, हिंदी फाडफाड बोलणारी. दर रविवारी येऊन माझ्या लेकीच्या केसांना तेल लावायची. त्या तेलाचा मला आधीपासूनच राग होता, खोटं कशाला सांगू.

भरती करायला आम्ही सगळेच गेलो, नणंदसुद्धा. खिडकीतली बाई म्हणाली, वॉर्डात मुलाजवळ फक्त आई राहील, आणि तान्हं बाळ आत चालणार नाही. तान्हं तर माझ्या कडेवर होतं. हे गडबडले. नंबर हातचा जाईल या धास्तीने त्यांनी बहिणीकडे बोट केलं आणि म्हणाले, "ही आई."

"मग ह्या कोण?" बाईने माझ्याकडे पाहिलं.

"आत्या."

सख्ख्या बहिणीला बायको करून हे मोकळे झाले आणि बाहेर आल्यावर मलाच म्हणतात, "बोलून काय बिघडतं? घरातलीच तर आहे." लेकीलाही बजावलं, इथं आत्याला आई म्हणायचं. तिला तो खेळ वाटला. तिने तो फार पटकन उचलला.

त्या वॉर्डात बायकांना नावाने कुणी हाक मारत नसे. चार नंबरची आई, नऊ नंबरची आई, खाटेच्या नंबरावरून सगळा कारभार. माझी नणंद झाली सहा नंबरची आई. भेटीच्या वेळेला आम्ही बोईसरहून जायचो. हे बाळाला घेऊन खाली आवारात थांबायचे आणि मी वर जायची. तेव्हा एक समाजसेविका सगळ्या आयांना गोल बसवून शिकवत असायची. ऑपरेशनआधी मुलाकडून फुगे फुगवून घ्यायचे, म्हणजे छाती मोकळी राहते. नंतर खोकला आला की छातीशी उशी धरायला लावायची. मध्येच एखादीला रडू फुटायचं, मग बाकीच्या तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. मी भिंतीशी उभी राहून ऐकायची. माझ्या पाठीवरून हात कोण फिरवणार? मी तर आत्या.

एकदा डॉक्टर कागदावर हृदयाचं चित्र काढून नणंदेला छिद्र कुठे आहे ते दाखवत होते. मी वाकून पाहायला गेले तर म्हणाले, "आत्याबाई, जरा उजेड सोडा." माणूस फार भला होता, पण त्या घटकेला मला तो डोळ्यांसमोर नको झाला.

सालवडला दारावर सातपाटीची एक मासेवाली यायची. तिने लेकीची चौकशी केली म्हणून मी तिला सगळं सांगून बसले. ती म्हणाली, "पोर दुसरीचे मांडीवर दिली का तिला तीच मांडी गोड लागते, बाय. त्यात कोनाचा दोस नाय." त्या दिवशी मी तिच्याकडून मासे घेतले नाहीत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी नणंदेला जिन्यात गाठलं. "वन्सं, मी आता खरं सांगून टाकते."

"सांगा, वहिनी," ती शांतपणे म्हणाली. "पण त्यांनी उद्याचं ऑपरेशन थांबवलं तर?"

तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच संताप आला. कुणी सहा नंबरची आई म्हणून हाक मारली की तिची मान कशी ताठ व्हायची, ते मी दर भेटीला पाहत होते. ह्यांना ते दिसत नव्हतं. बाईचं बाईला दिसतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टरांनी ते नणंदेला सांगितलं आणि मी तिच्या खांद्यामागून ऐकलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला रडूही येईना. संध्याकाळी हे औषधं आणायला गेले म्हणून धाकटा माझ्याजवळ होता आणि आम्ही दोघी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून सिस्टर बाहेर आली.

"सहा नंबरची मुलगी शुद्धीवर येतेय. आत्या, आत्या करून रडतेय. टाके ताजे आहेत, रडू देऊन चालणार नाही."

गुंगीत पोर शिकवलेलं सगळं विसरली होती आणि जी हवी होती तिला खऱ्या नात्याने हाक मारत होती. नणंद अर्धी उठलीसुद्धा. सिस्टरने तिला हातानेच खाली बसवलं. "तुम्ही नंतर या, आई. आत्ता तिला आत्या पाहिजे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीच ना आत्या? चला."

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. मी धाकट्याला तिच्या मांडीवर ठेवलं आणि उठले.

आत त्यांनी मला हिरवा झगा चढवला, तोंडाला फडकं बांधलं. लेक नळ्यांच्या जंजाळात पडली होती. तिचे ओठ गुलाबी होते. जन्मापासून मी ते तसे पाहिले नव्हते. तिने डोळे उघडले आणि फडक्याआडूनही मला ओळखलं. मग माझ्या खांद्यावरून ती दाराकडे बघू लागली.

"आत्या?"

"येतेय हं ती," मी म्हणाले आणि स्टूल ओढून अशी बसले की तिला दार दिसू नये.